मासा कुणाची पीडा घेऊन जात नाही

गेल्या वर्षी भाचीच्या सहाव्या वाढदिवसाला मी तिला फिशटँक दिला. दीड फुटाची काच, खाली निळे-गुलाबी खडे, एक प्लास्टिकचं झाड, बुडबुड्यांवर उघडझाप करणारा शिंपला, एअर पंप, छोटा फिल्टर. शिवाय दोन गोल्डफिश, चार मॉली आणि काच साफ करतो म्हणून एक सकर. सगळी खरेदी दहिसर स्टेशनजवळच्या एकाच दुकानातून, एकाच रविवारी, पाऊण तासात झाली. दुकानदाराने मासे पिशवीत भरून दिले आणि जाताना एक सूचना केली, ‘पिशवी पंधरा मिनिटं पाण्यात तरंगत ठेवा, मग सोडा.’ मी पंधरा मिनिटांचा टायमर लावला. इंजिनिअर माणूस.

बुधवारी पहिली मॉली गेली. शुक्रवारी दोन. शनिवारी सकाळी एक गोल्डफिश पाण्याच्या वर तोंड काढून हवा गिळत होता. रात्री तो आडवा तरंगत होता. भाची टाकीसमोर स्टूल टाकून बसली होती. ती रडत नव्हती. तिने विचारलं, ‘मामा, मी जास्त खायला दिलं म्हणून मेला का?’

मी काही बोलायच्या आत आई स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘नाही गं राणी. मासा मेला ना, की तो घरावरची पीडा घेऊन जातो. तुझ्यावर येणारं होतं ते त्याने घेतलं.’

हे वाक्य तुम्ही ऐकलेलं असणार. ज्या घरात कधीतरी फिशटँक होता, त्या प्रत्येक घरात ते कुणीतरी म्हटलेलं असतं. आईच्या मनात फक्त नातीला बरं वाटावं एवढंच होतं. पण रात्री भाची तिच्या आईला, म्हणजे माझ्या ताईला, विचारत होती की माझ्यावर काय येणार होतं? आणि आता एकच गोल्डफिश उरलाय, तोही मेला तर पुढची पीडा कोण घेणार?

सहा वर्षांच्या मुलीला आपण एका वाक्यात दोन खोट्या गोष्टी शिकवल्या. तिच्यावर काहीतरी वाईट येणार होतं, ही पहिली. आणि आपल्याऐवजी दुसऱ्या कुणी मरणं ही चांगली गोष्ट असते, ही दुसरी. मासा खरं तर कशाने मेला, हे मात्र घरात कुणीच सांगितलं नाही. मीही नाही, कारण मला माहीत नव्हतं.

माहीत नव्हतं, याचीच जास्त लाज वाटते. नववी-दहावीच्या विज्ञानात नायट्रोजन चक्राची आकृती असते. नायट्रोजन स्थिरीकरण, अमोनीकरण, नायट्रीकरण, विनायट्रीकरण. मी ती बाण काढून, रंगीत पेन्सिलींनी, पैकीच्या पैकी मार्क मिळवण्याइतकी सुबक काढलेली आहे. ती आकृती पस्तीस लिटर पाण्यात, माझ्या हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी चालू असते आणि ती चालू नसेल तर मासे मरतात, हे मला कळायला एकोणीस मासे लागले. पहिले सात मेले, मग सहा आणले, मग पुन्हा सहा.

तर ऐका. मासा लघवीवाटे थोडी घाण टाकतो, पण त्याच्या शरीरातला बहुतेक अमोनिया थेट कल्ल्यांतून पाण्यात उतरतो. तो श्वास घेतो त्याच जागेतून. नदीत किंवा तळ्यात याने काही बिघडत नाही, कारण पाणी भरपूर असतं आणि दगडांवर, गाळात, झाडांच्या मुळांवर बॅक्टेरिया बसलेले असतात. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे काही त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. अमोनिया विषारी, नायट्राइटही विषारी, नायट्रेट बऱ्यापैकी निरुपद्रवी. आपल्या टँकमध्ये ही जागा फिल्टरचा स्पंज आणि खालचे खडे घेतात. फक्त नव्या टँकचा स्पंज कोरा असतो. त्यावर कुणी राहत नाही.

आणि हे बॅक्टेरिया सावकाश वाढतात. दूध नासवणारे किंवा पोट बिघडवणारे जंतू अनुकूल परिस्थितीत वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात. अमोनिया खाणाऱ्यांना दुप्पट व्हायला बरेच तास, कधी पूर्ण दिवस लागतो. त्यांनी नायट्राइट तयार केल्याशिवाय दुसऱ्या गटाला अन्नच मिळत नाही. त्यामुळे कोऱ्या टाकीत हे सगळं बसायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. त्या काळात टाकीत टाकलेला मासा स्वतःच्याच घाणीत गुदमरतो. पाणी मात्र काचेसारखं स्वच्छ दिसतं. अमोनियाला रंग नाही, आणि इतक्या कमी प्रमाणात त्याचा वासही येत नाही.

माझ्या टाकीत पाचव्या-सहाव्या दिवशी जे चाललं होतं ते हे. कल्ले लालभडक, पंख अंगाला चिकटलेले, मासा वर येऊन हवा गिळतोय. आम्हाला वाटलं त्याला भूक लागली. आम्ही अजून खायला घातलं. न खाल्लेलं अन्न कुजून त्याचाही अमोनियाच होतो.

दुकानात जाऊन सांगितलं तर दुकानदार म्हणाला, ‘सगळं पाणी बदला, टँक धुऊन काढा, हे निळं औषध टाका, थोडं मीठ टाका.’ ही चार वाक्यं मला वाटतं मुंबईतल्या प्रत्येक फिशवाल्याला पाठ आहेत. त्यातलं मीठ, खरं सांगायचं तर, योग्य आहे. मिठातला क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइटला आत शिरू देत नाही, आणि नायट्राइट रक्तात गेला की रक्त तपकिरी होऊन ऑक्सिजन वाहून न्यायचं थांबतं. पण बाकीच्या तीन वाक्यांनी टाकी परत पहिल्या दिवसावर येते. निळं औषध बुरशीवर चालतं, पण फिल्टरमधल्या बॅक्टेरियालाही ते सोडत नाही. आणि टँक धुणं! आमच्या आईने तो टँक असा धुतला की दिवाळीत पितळेची भांडीसुद्धा तशी निघत नाहीत. खडे चाळणीत घेऊन, स्पंज नळाखाली पिळून पिळून. दहा दिवसांत जे काही जेमतेम रुजलं होतं ते मोरीतून वाहून गेलं. आम्ही स्वच्छतेने मासे मारले. नवा मासा आणायचा, तो मरायचा, आम्ही अजून घासायचो.

नळाच्या पाण्याचंही सांगतो. मुंबईचं पाणी सात तलावांतून येतं, त्यातलं बरंचसं भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रातून क्लोरीन घेऊन आपल्या सोसायटीत पोचतं. तो क्लोरीन असायलाच हवा, नाहीतर पावसाळ्यात अर्धं शहर जुलाबाने आडवं होईल. माणसाला जो क्लोरीन जाणवतही नाही, तो माशाचे कल्ले जाळतो आणि स्पंजवरचे बॅक्टेरिया मारतो. पाणी बादलीत चोवीस तास उघडं ठेवलं किंवा अँटीक्लोरीनचे थेंब टाकले की काम होतं. तीस-चाळीस रुपयांची बाटली. माझ्या दुकानदाराने ती विकली नव्हती, मी विचारलीही नव्हती.

शिवाय हे पाणी मऊ आहे, तलावाचं, पावसाचं. मासे मात्र कुठून कुठून आलेले असतात. चेन्नईच्या कोळत्तूर भागात रंगीत माशांची मोठी पैदास होते. कोलकात्यातून माल येतो. तिथली पाणी वेगळी, बोअरवेलची असतील तर जड. पाठवण्याआधी माशांना एक-दोन दिवस उपाशी ठेवतात, म्हणजे ते पिशवीत कमी घाण करतील. मग पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन, वर रबर. रेल्वेने किंवा विमानाने मुंबई. तिथून घाऊकवाला, रविवारी पहाटे भरणारा कुर्ल्याचा बाजार, मग दहिसरचं दुकान, मग तुमचं घर. एका आठवड्यात चार-पाच वेगवेगळी पाणी. प्रत्येक वेळी शरीरातल्या क्षारांचा तोल नव्याने सांभाळायचा, आणि सगळा वेळ घाबरलेल्या अवस्थेत. माणसासारखंच घाबरलेल्या माशाचं शरीरही रोगाशी लढायचं कमी करतं. दुकानात ठणठणीत दिसणाऱ्या माशाच्या अंगावर घरी आल्यावर आठवड्याभरात साबुदाण्यासारखे पांढरे ठिपके उठतात ते यामुळे. परजीवी बहुतेकदा आधीपासून असतो. मासा थकला की तो वर येतो.

कधी मेला यावरून कशाने मेला याचा अंदाज बांधता येतो. पहिल्या काही तासांत, फार तर दुसऱ्या दिवशी मेला तर बहुधा धक्का. तापमानाचा, क्षारांचा किंवा क्लोरीनचा. तिसऱ्या दिवसापासून दुसऱ्या आठवड्यापर्यंत एकेक करून मेले तर आधी अमोनिया तपासा, मग नायट्राइट. ठिपके किंवा कापसासारखं काही दिसलं तर रोग. अपवाद खूप आहेत. पण ‘पीडा’ या रकान्यात टाकण्यासारखा एकही मासा मला अजून भेटलेला नाही.

आता त्या पंधरा मिनिटांबद्दल. पिशवी तरंगत ठेवल्याने तापमान जुळतं, बस. इंटरनेटवर थोडं वाचून मी दुसऱ्या खेपेला शहाणपणा केला. पिशवी उघडली आणि नळीने थेंब थेंब टाकीचं पाणी सोडत दोन तास बसलो. हे मासे घाऊकवाल्याकडून थेट आले होते, बऱ्याच तासांच्या प्रवासाचे. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाण्याचा पीएच उतरतो. उतरलेल्या पीएचला अमोनिया मुख्यत्वे अमोनियमच्या रूपात असतो, जो फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी रूपात येतो. पंचवीस अंशाला पीएच ७ असेल तर शंभरातला जेमतेम अर्धा भाग विषारी असतो. पीएच ८ झाला की पाच भाग. दहापट. मी दोन तास बसून नेमकं हेच घडवलं. लांबून आलेला मासा पिशवी उघडल्यावर लवकर बाहेर काढायचा आणि पिशवीचं पाणी फेकून द्यायचं. कोपऱ्यावरच्या दुकानातून आलेल्याला सावकाश सोडलं तरी चालतं.

यातलं काहीही नवीन नाही. रॉबर्ट वॅरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगायी यांचा तोल बसवून दाखवला तो १८५० च्या सुमाराला. नायट्रीकरण करणारे बॅक्टेरिया विनोग्राद्स्कीने वेगळे केले १८९० मध्ये. टँकमधल्या नायट्राइटचा फडशा पाडणारे मुख्यतः नायट्रोस्पायरा गटातले असतात, हे १९९८ मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे मी बालवाडीत जायच्या आत गोष्ट मिटली होती. तरीही माझ्या हातात पिशवी देणाऱ्या माणसाने मला फक्त ‘पंधरा मिनिटं’ सांगितलं.

का? मी ते त्यालाच विचारलं. एकोणिसावा मासा गेल्यावर, गिऱ्हाईक नव्हतं अशा दुपारी. मी भांडायच्या तयारीने गेलो होतो. तो शांतपणे म्हणाला, ‘साहेब, मला माहीत नाही असं वाटतं का तुम्हाला? रविवारी बाप पोराला घेऊन येतो. पोराला आज मासा पाहिजे. मी म्हटलं, टँक आज न्या, मासे महिन्याने, तर तो बाजूच्या दुकानात जाईल. तिथे त्याला सगळं मिळेल. आणि मासे तिथेही मरणारच आहेत.’

मला याचं उत्तर लगेच सुचलं नाही. दुकानाचं भाडं आहे, पंप चोवीस तास चालतात त्याचं बिल आहे, त्याच्याकडेही आलेल्या मालातले मासे मरतात. तो खलनायक नाही. पण हिशेब बघा. ज्याने टँक नीट बसवला तो माणूस वर्षातून दोनदा खाद्याचा डबा घ्यायला येतो. ज्याचे मासे मरतात तो पहिल्या दोन महिन्यांत चार वेळा येतो. मासे, औषध, पुन्हा मासे, जास्त महागडा फिल्टर. शेवटी तो कंटाळतो आणि टँक माळ्यावर जातो. आमच्या सोसायटीत किती माळ्यांवर रिकामे टँक आहेत ते एकदा मोजायला हवं. माझ्या धंद्यात याला सबस्क्रिप्शन म्हणतात. फरक एवढाच की इथे दर महिन्याचं बिल मासा भरतो.

या सबस्क्रिप्शनला धर्माचा आधार मिळाला तो वास्तू आणि फेंगशुईवाल्यांकडून. घरात नऊ मासे ठेवा, आठ सोनेरी आणि एक काळा. काळा मेला तर वाईट वाटून घेऊ नका, त्याने नकारात्मक ऊर्जा शोषली. लगेच दुसरा आणा. एकदा नीट वाचा. मासा मरणं हे टँक नीट चालल्याचं लक्षण ठरवलंय! फिल्टर बंद पडला, टाकी लहान पडली, पाणी विषारी झालं, काहीही असो, अर्थ एकच निघतो की वस्तूने काम केलं. असा प्रॉडक्ट मी बनवला असता तर आज दहिसरला भाड्याच्या वन बीएचकेत नसतो.

‘पीडा घेऊन गेला’ या वाक्याशी माझं भांडण आहे ते म्हणूनच. ते भोळं आहे म्हणून नाही. आपली आजी दृष्ट काढायची, मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकायची, त्याने मिठाचं काही बिघडत नव्हतं. इथे एक जिवंत प्राणी आहे आणि त्याच्या मरणाचं कारण शोधता येण्यासारखं आहे. हे वाक्य तो शोधच बंद करतं. कुणी प्रश्न विचारत नाही. दुकानदार सुटतो, आपण सुटतो, आणि पुढच्या रविवारी नवी पिशवी येते.

आता मला जे सगळे म्हणतात त्यावर येतो. ‘अरे, तू बोंबील खातोस ना? मांदेली खातोस ना? मग वीस रुपयांच्या मॉलीसाठी एवढा निबंध?’

खातो. आवडीने खातो. पण बोंबील आणताना मी ‘याला पाळायला आणलंय’ म्हणत नाही. कोळणीकडे कुणी कुणाशी खोटं बोलत नाही, तिथे मेलेला मासा मेलेला मासा म्हणूनच विकला जातो. टँकच्या धंद्यात आपण जगण्याचे पैसे देतो. मुलांना सांगतो की जीव कसा सांभाळायचा ते शिक, आणि प्रत्यक्षात शिकवतो की मेला की टॉयलेटमध्ये टाक आणि दुसरा आण. आणि वीस रुपये ही माशाची किंमत आहे, त्याच्या आयुष्याची नव्हे. गोल्डफिश नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षं सहज जगतो, वीतभर लांब होतो. इंग्लंडमध्ये १९५६ साली एका जत्रेत बक्षीस म्हणून मिळालेला टिश नावाचा गोल्डफिश १९९९ साली, त्रेचाळीस वर्षं जगून मेला. जत्रेतला मासा! माझा गोल्डफिश सहा दिवस जगला.

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे. मासे नाजूकच असतात, काही मरायचेच. दहिसरमध्ये राहणाऱ्याने यावर विश्वास ठेवू नये. मुंबई महापालिका डासांच्या अळ्या खाण्यासाठी विहिरी-टाक्यांमध्ये गप्पी मासे सोडते. ते तिथे नुसते जगत नाहीत, पिल्लं घालतात. आपल्या शहरातल्या ज्या गढूळ, हिरव्या पाण्याकडे आपण नाक धरून बघतो त्यात गप्पी मजेत असतात. तेच गप्पी, जरा रंगीत शेपटीचे, आपल्या चकाचक टाकीत आठवड्यात मरतात. दुकानातल्या रंगीत गप्पी पिढ्यान्‌पिढ्या शेपटीसाठी निवडून थोड्या कमकुवत झाल्यात हे खरं, पण सगळा फरक त्याने भरून निघत नाही. विहिरीत शेवाळ आहे, गाळ आहे, जुने बॅक्टेरिया आहेत आणि कुणाची आई ती व्हिम लावून घासत नाही.

मग कायदा हवा का? एकदा झाला होता. २०१७ च्या मे महिन्यात केंद्र सरकारने मत्स्यटाक्यांच्या दुकानांसाठी नियम काढले. गोल काचेच्या भांड्यात मासे ठेवायला बंदी, दीडशेहून जास्त जातींच्या विक्रीवर बंदी, दुकानात तज्ज्ञ माणूस ठेवायची सक्ती. पैदास करणाऱ्यांनी आणि दुकानदारांनी आरडाओरडा केला, आणि नियम मागे घेतले गेले. खरं सांगायचं तर त्यातलं बरंच काही पाळता येण्यासारखं नव्हतं. शंभर चौरस फुटांच्या दुकानात पूर्णवेळ तज्ज्ञ कोण ठेवणार? पण गोल भांड्यावरची बंदी तेवढी राहायला हवी होती. त्यात फिल्टर बसत नाही, पाणी कमी, वरचं तोंड अरुंद म्हणून हवा कमी. आणि मुंबईच्या मे महिन्यात पाणी तीस अंशाला गेलं की त्यात आधीच ऑक्सिजन कमी मावतो. वीस अंशाला लिटरमागे नऊ मिलिग्रॅम, तिसाला साडेसात. थंड पाण्यातला गोल्डफिश आपण त्यात ठेवतो आणि वर त्याला शोभेची वस्तू म्हणतो.

माझी मागणी कायद्याची नाहीच. एकच रीत बदलायची आहे. टँक आणि मासे एकाच दिवशी विकायचे नाहीत, आणि एकाच दिवशी घ्यायचे नाहीत.

दुकानदाराला हे परवडत नाही, असं तो म्हणाला. पण त्याच्याकडे एक गोष्ट फुकट पडलेली आहे. त्याच्या जुन्या टाक्यांमधले काळे-तपकिरी, बुळबुळीत स्पंज. त्या बुळबुळीतच ते चार-सहा आठवडे साठलेले असतात. त्यातला एक तुकडा कापून, टाकीच्याच पाण्यात ओला ठेवून नव्या टँकबरोबर दिला, तर थांबायचा काळ खूप कमी होतो. लोक म्हणतात, त्यातून रोग येतील. अहो, त्याच दुकानातले मासे तुम्ही घेणारच आहात. रोग पिशवीतून येणारच आहेत, बॅक्टेरिया तरी घेऊन या. दहिसरमधल्या एका जरी दुकानाने ‘आमचा स्पंज न्या, मासे पंधरा दिवसांनी न्या’ अशी पाटी लावली तर मी तिथेच आयुष्यभर खाद्य घेईन, बोरिवलीला जाणार नाही.

आणि आपण? आपल्याला थांबता येत नाही. दहा मिनिटांत किराणा येतो, तासात शर्ट येतो, पिवळा बॉक्स फोडायची घाई असते. पहिल्यांदा मी अमोनिया तपासायचं किट मागवलं तेव्हा ते त्या एकोणीस माशांपेक्षा महाग निघालं. मला वाटतं सगळी गोष्ट तिथेच आहे. मासा इतका स्वस्त आहे की त्याचं मरण समजून घेणं त्याच्यापेक्षा महाग पडतं. किटमधल्या नळीत थेंब टाकले, पाच मिनिटं थांबलो, पाणी गडद हिरवं झालं. तक्त्यावर शेवटून तिसरा रंग. मी ती नळी भाचीला दाखवली. ‘तू जास्त खायला दिलं म्हणून नाही मेले ते. थोडंसं त्यामुळेही. पण मुख्य म्हणजे मामाने घाई केली.’ तिने नळी उजेडात धरली आणि विचारलं, ‘हे विष आहे?’ मी हो म्हटलं. तिला ते पीडेपेक्षा पटकन समजलं.

मग आम्ही पाच आठवडे रिकामी टाकी चालवली. सोसायटीतल्या एका काकांच्या दहा वर्षं जुन्या टाकीतला स्पंजचा तुकडा, रोज माशांच्या खाद्याची चिमूट, पाण्यात दोन खऱ्या वनस्पती. येणारे-जाणारे विचारायचे, मासे कुठायत? भाची सांगायची, ‘अजून बॅक्टेरिया मोठे होतायत.’ आई वैतागायची की रिकाम्या टाकीला लाइट कशाला. नळीतला हिरवा रंग आधी फिका झाला, मग नायट्राइटच्या नळीत जांभळा चढला, तोही उतरला. तारखा आणि रंग भाचीने कॅलेंडरवर स्केचपेनने लिहिलेत. सव्विसाव्या दिवसाचा रंग तिने चुकीचा भरलाय, माझ्या मते मुद्दाम, कारण तिला घाई झाली होती.

सहाव्या रविवारी आम्ही तीन मॉली आणायला त्याच दुकानात गेलो. तीनच, बाकीच्या नंतर. आमच्या शेजारी एक गृहस्थ पाच वर्षांच्या मुलाला घेऊन उभे होते. मुलगा गोल भांड्याकडे बोट दाखवत होता, दुकानदार दोन गोल्डफिश जाळीत धरत होता. माझ्याकडे बघून त्याने नजर वळवली. मी म्हटलं, ‘दादा, राग मानू नका, पण आज फक्त टँक घ्या. चौकोनी घ्या. मासे महिन्याने न्या.’

त्या गृहस्थांनी माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. मग भाची मध्ये पडली आणि त्या मुलाला सांगू लागली की मासे त्यांच्याच शूमध्ये मरतात. मुलगा हसून हसून वाकला. बाप जरा सैल झाला. मी संधी साधून म्हटलं, माझ्या टाकीतला जुना स्पंज तुम्हाला देतो, घर जवळच आहे.

‘त्याचे किती घेणार?’ त्यांनी विचारलं.